खुर्ची भिंतीकडे

माझे वडील भिंतीकडे तोंड करून वारले. खोली माणसांनी भरलेली होती. सगळी जागी होती आणि रागावर विजय कसा मिळवावा हे ऐकत होती. त्यांच्यात एक डॉक्टरही होती, दातांची का होईना. आई वडिलांच्या शेजारच्याच खुर्चीवर होती.

हे कसं घडू शकतं ते समजायला मंडळाचा नियम माहीत असावा लागतो. मंडळ म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली, खालून येणाऱ्या रबराच्या वासासकट. प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढरा फळा आणि सर. सरांनी उभं आयुष्य कंपन्यांमधल्या लोकांना वेळेचं नियोजन शिकवण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते षड्रिपूंकडे वळले, पण पद्धत तीच राहिली. फळा तोच, रंगीत पेनं तीच. 'उद्दिष्ट' पुसून तिथे 'मोक्ष' लिहिलं, एवढंच. सहा शत्रूंपैकी मदाकडे ते कधी गेले नाहीत. घरच्या माणसाबद्दल चारचौघांत बोलू नये, असा विचार असावा. त्यांचं वैर काम आणि क्रोध या दोघांशी. फळ्यावर ते चौकोन काढत, इच्छा, अडथळा, राग, नाश, आणि ते बाणांनी जोडत. ज्याच्या विचारात पिढ्यान्‌पिढ्या माणसं म्हातारी झाली ते सगळं त्या चौकोनांत मावायचं आणि वर तारीख लिहायला जागा उरायची.

नियम असा. राग आला की बोलायचं नाही, उठून जायचं नाही. आपली खुर्ची उचलायची, भिंतीकडे फिरवायची आणि राग विरेपर्यंत तसंच बसायचं. बाकीच्यांनी त्या माणसाकडे अजिबात बघायचं नाही, कारण सरांच्या मते बघणाऱ्याची नजर म्हणजे रागाच्या चुलीत घातलेलं लाकूड. राग गेला की माणूस आपण होऊन वळतो. मग सगळ्यांनी हलकेच मान डोलवायची आणि विषय पुढे चालू. सर याला प्रत्याहार म्हणत. हा शब्द मी वाचलेला आहे. ज्यांनी तो घडवला त्यांनी इंद्रियं आत वळवायला सांगितली होती, फर्निचर नव्हे.

घरीसुद्धा हेच चालायचं. मी एकदा सकाळी गेले तर वडील स्वयंपाकघरात भिंतीशी नाक लावून चहा पीत होते आणि आई भाजी चिरत होती.

"आत्ता बोलू नकोस त्यांच्याशी," आई हळूच म्हणाली. "आलाय."

"कोण आलाय?"

"राग गं."

पाहुणा आल्यासारखं सांगितलं तिने. मी वडिलांच्या पाठीला म्हटलं, "बाबा, पाहुण्याला चहा विचारलात का?" पाठ हसली. तेवढं एकदाच मी त्या खुर्चीला हसताना पाहिलं.

वडील शिंपी होते. कोट शिवायचे. बाजारात त्यांना सगळे मास्तर म्हणत आणि त्यांच्या रागाला टरकून असत. तो राग विलक्षण होता. हिशेब चुकला, कोणी दुकानाच्या जिन्यात थुंकलं, भावाने भांडण काढलं, तरी ते शांत. पण कोटाची बाही मुंढ्यात नीट बसली नाही, खांद्याच्या खाली एवढीशी चुणी दिसली, की त्यांच्या कानशिलावरची शीर उभी राहायची. एकदा एक वकीलसाहेब कोट घालून आरशासमोर उभे होते. "छान झालाय मास्तर," ते म्हणाले. वडील म्हणाले, "नाही झाला." वकील म्हणाले, "अहो मला घाई आहे, चालेल." 'चालेल' ऐकल्यावर वडिलांनी कात्री घेतली आणि वकील आत असतानाच कोटाची बाही उसवून काढली. एक हात कोटात आणि एक हात सदऱ्यात अशा अवस्थेत वकीलसाहेब जिना उतरले. खाली जाऊन खूप ओरडले. पुढच्या आठवड्यात आले आणि कोट घेऊन गेले. नंतर मरेपर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाकडे कोट शिवला नाही.

मला ती गोष्ट आवडायची. आईला तिची लाज वाटायची. खरं सांगायचं तर घरात राहणाऱ्या माणसाला लाज वाटावी असं त्यात होतं. ऐकणाऱ्याला मजा, सोबत राहणाऱ्याला धडधड. दुकानात उसवलेली बाही घरी आल्यावर जेवणाच्या ताटापर्यंत यायची. म्हणून ओळखीच्या एका बाईंनी मंडळाचं नाव सांगितल्यावर आई आधी स्वतः गेली आणि मग वडिलांना घेऊन गेली. "तुम्हाला काही होत नसेल तर माझ्यासाठी या," असं म्हणाली. ते तिच्यासाठी गेले. नंतर स्वतःसाठी जायला लागले, कारण कोणतंही काम अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सरांनी त्यांना समजावलं की राग हा मुलगा आहे आणि त्याचा बाप काम. काम म्हणजे नुसती वासना नव्हे मास्तर, काम म्हणजे कोणतीही 'हवंच' अशी ओढ. बाही अशीच बसली पाहिजे, ही तुमची वासनाच. ती सोडा, राग आपोआप सुटेल. वडिलांनी ती सोडली. वर्षभरात त्यांच्या कोटांच्या खांद्यांवर चुण्या दिसायला लागल्या. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "चालतंय." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. लोभ त्यांना नव्हताच, मत्सर नव्हता. जगात त्यांना जी एकच गोष्ट मनापासून हवी होती ती त्यांनी काढून दिली आणि मंडळाने मान डोलवली.

मी पुस्तकांच्या सहवासात काम करते, त्यामुळे या विषयावर चार गोष्टी वाचलेल्या आहेत. सगळ्यांत जुन्या स्तोत्रांमध्ये लोकांनी रागालाही देव मानून हाक मारली आहे, ये, आमच्या बाजूला उभा राहा, म्हणून. गोष्टींमधल्या ऋषींनी रागाच्या भरात माणसं भस्म केली, त्यांचं तप त्यात खर्ची पडलं, पण त्यांना कोणी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं नाही. ज्यांनी रागाला वाईट म्हटलं त्यांचाही रोख साधा होता: माणूस 'मी, माझं' करत पेटतो तेव्हा त्याची अक्कल जाते. बाहीसाठी आलेला राग आणि मानासाठी आलेला राग एकच कसा? हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारत नसे. तिथे राग कशासाठी आला हे महत्त्वाचं नव्हतं. तो दिसू नये, हे महत्त्वाचं होतं.

त्या संध्याकाळी सर बोलत असताना वडिलांनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे फिरवली. सगळ्यांनी नियमाप्रमाणे नजर काढून घेतली. सरांचं बोलणं संपलं, ध्यान झालं, सगळे उठले, चपला घालायला लागले, तरी खुर्ची वळली नाही. तेव्हा आईने खांद्याला हात लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. आई काचेच्या दाराबाहेर बाकावर होती. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी विचारलं, छातीत आवळल्यासारखं होतंय असं म्हणाले होते का, घाम आला होता का, जबडा दुखत होता का. मी म्हटलं, मी नव्हते तिथे. ते म्हणाले, "वेळेवर आणलं असतं तर आज आपण हे बोलत नसतो." मी आईला हे सांगितलं नाही. 'काही करता येण्यासारखं नव्हतं' असं म्हटलं.

*

काही आठवड्यांनी सर घरी आले. सोबत हसरे काका होते. हे मंडळातले सगळ्यांत जुने, पोस्टातून निवृत्त झालेले. कोणतीही बातमी एकाच चेहऱ्याने ऐकायची सवय त्यांना नोकरीत लागली असावी. सर वडिलांच्या खुर्चीत बसले.

"वहिनी," सर म्हणाले, "मास्तर गेले असं म्हणू नका. मास्तर पोचले."

"कुठे?" मी विचारलं.

सर माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. काकाही हसले, पण ते आधीपासूनच हसत होते.

"शेवटचा क्षण साधनेत जाणं हे कोणाच्या वाट्याला येतं?" सर म्हणाले. "रविवारी मंडळात मास्तरांसाठी एक छोटी सभा ठेवली आहे. वहिनींनी दोन शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"इच्छा?" मी म्हटलं. "मग ती आधी सोडायला हवी."

"अगं," आई म्हणाली. "चहा घ्या सर. साखर चालेल ना?"

"मी काय बोलू?" चहा देऊन झाल्यावर तिने विचारलं. खरंच विचारत होती.

"खरं तेच. की तुम्ही शेजारी होता. तुम्ही त्यांच्याकडे नजर वळवली नाही. त्यांच्या साधनेत अडथळा आणला नाही. आणि ते गेले तेव्हाही तुमच्या मनात राग आला नाही. एवढंच. नवीन लोकांना यातून फार मोठं बळ मिळेल. मला वाटतं, यापुढे नवीन गटाला तुम्हीच शिकवावं."

आईने मान हलवली. शाळेत शाबासकी मिळालेल्या मुलीसारखी नव्हे. गृहपाठ मिळालेल्या मुलीसारखी.

ते गेल्यावर मी कपबशा उचलल्या आणि जरा जास्तच जोरात ओट्यावर ठेवल्या.

"फोडू नकोस," आई म्हणाली.

"तू नाही जायचंस."

"का?"

"त्यांना तुझी जाहिरात करायची आहे. बाबांचीही."

"करू दे की. यांचं नाव होईल."

"आई, तुला खरंच राग आला नाही? कोणाचाच?"

ती बराच वेळ फडक्याने ओटा पुसत राहिली. पुसून झालेलाच ओटा होता.

"तुला कळत नाही," ती म्हणाली. "नियम बरोबर असेल तर मी त्या दिवशी बरोबर वागले. नियम बरोबर नसेल तर मग मी तिथे काय करत बसले होते?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते एका तरुण डॉक्टरने मला दिलं होतं. ते दिलं तर आई कोसळेल आणि नाही दिलं तर ती रविवारी उभी राहून 'मला राग आला नाही' हे वाक्य म्हणेल आणि मग आयुष्यभर त्या वाक्याची राखण करत बसेल. दर आठवड्याला, नव्या गटासमोर, सरांच्या फळ्याशेजारी. मी उत्तर दिलं नाही. "मी पण येते," म्हटलं.

*

सभेला खोली भरली होती. वडिलांचा फोटो फळ्याशेजारी टेबलावर होता. फोटोतला कोट त्यांनी स्वतः शिवलेला, मंडळाच्या आधीचा. फळ्यावर सरांनी आधीच लिहून ठेवलं होतं: 'क्रोध कसा ओळखावा'. खाली लाल पेनाने, ओळीने: छाती आवळते. घाम फुटतो. श्वास अडतो. जबडा घट्ट होतो. शेवटी, अधोरेखित करून: 'अशा वेळी हलू नये.'

मी ते दोनदा वाचलं. दवाखान्यातला तरुण डॉक्टर माझ्यासमोर हेच म्हणत होता, प्रश्नचिन्हं लावून. म्हणजे वडिलांना कोणाचाही राग आला नव्हता. त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांनी तिला फळ्यावरच्या नावाने ओळखलं. इतक्या निष्ठेने शिकलेला विद्यार्थी सरांना पुन्हा मिळणार नव्हता.

"हे नेहमी असतं फळ्यावर?" मी शेजारी बसलेल्या त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"पहिल्यापासून. पाठच आहे आम्हाला," त्या म्हणाल्या आणि मग त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

सर बोलायला उभे राहिले. इच्छा, अडथळा, राग, नाश असा बाणांवरून प्रवास करून ते मास्तरांपर्यंत आले. एक कोपिष्ट माणूस कात्री टाकून शांत कसा झाला, वकिलाची गोष्ट कशी आणि नंतरचे मास्तर कसे. लोक वकिलाच्या गोष्टीला हसले. सर ती वाईट सांगत. कात्रीच्या जागी हिसका घालत.

"आणि मित्रांनो, त्या दिवसाचा मी साक्षीदार आहे," सरांचा आवाज खाली आला. "मी समोर होतो. तुम्हा सगळ्यांची नजर खाली होती, पण मला दिसत होतं. मास्तरांचा जबडा घट्ट झाला होता. मानेवरून घाम वाहत होता, सदरा पाठीला चिकटला होता. एवढा मोठा राग मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. डावा खांदा थरथरत होता. ते झुंजत होते! आणि मग हळूहळू खांदा शांत झाला. मान सैल पडली. मी मनात म्हटलं, जिंकलात मास्तर." सरांनी डोळे टिपले. ते अश्रू खरे होते, हे मला मान्य करावं लागेल. मूर्खपणाला खरे अश्रू येत नाहीत असं थोडंच आहे?

"वहिनी," सर म्हणाले, "या."

आई उठली. फळ्यापाशी गेली नाही. जागेवरच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुम्ही बघत होतात?" ती म्हणाली.

"हो."

"पण बघायचं नाही ना?"

"तो नियम साधकांसाठी, वहिनी. मार्गदर्शकाला बघावं लागतं."

"मी बायको होते."

"म्हणूनच तर तुमचं न बघणं मोठं."

"खांदा डावा?"

"अं?"

"थरथरत होता तो. डावा म्हणालात."

"हो, डावा." सरांना वाटलं ती तपशील मनात साठवून घेते आहे. "थोडा वेळ. फार नाही."

"किती वेळ?"

"वहिनी, ते आता महत्त्वाचं नाही."

"तुम्ही बघत होतात," आई म्हणाली. "घाम बघितलात, खांदा बघितलात, मान पडलेली बघितलीत. आणि बोलत राहिलात?"

खोलीत एक हालचाल झाली. आधी मला कळेना कसली, मग कळलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्या मते आईला राग येत होता, म्हणून तिच्याकडे बघायचं नव्हतं. इतकी शिस्तबद्ध माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

"तुम्हाला राग येतोय, वहिनी," सर मृदूपणे म्हणाले. "स्वाभाविक आहे. खुर्ची आहे ना तुमच्याजवळ."

आईने खुर्चीची पाठ धरली. कित्येक वर्षांची सवय तिच्या हातात होती. मला ते हात दिसत होते आणि ते खुर्ची उचलणार हेही दिसत होतं. खुर्ची जमिनीपासून जरा वर उचललीही गेली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून कळत नाही.

तिने ती खाली ठेवली. आपटली म्हटलं तरी चालेल.

"वर बघा," ती म्हणाली.

कोणी बघेना.

"अहो काका, वर बघा. तुम्हीच. मी बोलतेय ना?"

हसऱ्या काकांनी मान वर केली. तोंडावर हसू होतंच, पण ते तिथे विसरून राहिल्यासारखं. "वहिनी, आम्हाला वाटलं..." ते म्हणाले.

"आणि तू गं? तू तर डॉक्टर."

डॉक्टरीणबाई मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "मला एकदा वाटलं होतं उठावं. श्वासाचा आवाज वेगळा येत होता. पण नियम... आणि मी दातांची डॉक्टर आहे, काकू."

"दात काय भिंतीला येतात? माणसालाच येतात ना?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. डॉक्टरीणबाई रडायला लागल्या. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती सरांकडे वळली. सर आता फळ्याजवळच्या आपल्या खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. फळ्यावरची सगळी लक्षणं दिसत होती.

"माझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा असा अर्थ लावणं," सर म्हणाले, "हे बरोबर नाही, वहिनी. मास्तरांचा अपमान होतोय." आवाज चढला आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं. ते थांबले, उठले, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे फिरवून बसले.

मला वाटतं त्या माणसाने आयुष्यात एवढ्या प्रामाणिकपणे नियम कधी पाळला नसेल. एका बाईने एक साधा प्रश्न विचारला होता. त्याला उत्तर नव्हतं आणि भिंत जवळ होती. मंडळ कशासाठी होतं हे मला तेव्हा नीट समजलं.

आई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

"बसा," ती शेवटी म्हणाली. "आम्ही आहोत इथे. तुमच्या छातीत दुखत असेल तर सांगा मात्र."

पाठ हलली नाही.

"दुखतंय का?"

"नाही," भिंतीतून आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. तिने टेबलावरचा फोटो काखेत घेतला आणि आम्ही जिना उतरलो.

*

खाली टायरवाला चाकात हवा भरत होता. त्याच्या यंत्राच्या आवाजात काही वेळ बोलता येईना. आम्ही पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो. मला हलकं वाटत होतं. तिने ते वाक्य म्हटलं नव्हतं. माझ्या मते आम्ही जिंकून आलो होतो. मी म्हटलं, "सरांचं तोंड बघण्यासारखं होतं. भिंतीचं नशीब."

आई हसली नाही.

"तू काय नुसती नाक मुरडत असतेस," ती म्हणाली. "नाक मुरडणं म्हणजे राग नव्हे."

एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ती थांबली. फोटो एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला.

"मी पण बघितलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"यांच्याकडे. नियम मोडून. एकदाच, डोळ्याच्या कोपऱ्यातून. मान एका बाजूला गेली होती. मला वाटलं, झाले शांत. बरं वाटलं गं मला. म्हटलं, आज घरी गेल्यावर चांगले बोलतील. त्या सराला तिथे ओरडून आले, पण मलाही तेच वाटलं होतं. जे त्याला वाटलं तेच."

"तुला माहीत नव्हतं."

"तेव्हा हात लावला असता तर?"

"आई, हे आता कोणी सांगू शकत..."

"गोल गोल बोलू नकोस. तू आत डॉक्टरांशी बोलत होतीस तेव्हा मी काचेतून बघत होते. ते काहीतरी म्हणाले आणि तुझं तोंड उतरलं. बाहेर येऊन मला वेगळंच सांगितलंस. मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारतेय."

तिच्या जागी सरांनी विचारलं असतं तर मी चार वाक्यांत त्यांचं तोंड बंद केलं असतं. पण माझ्यासमोर आई होती आणि माझ्या वाचनातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं.

"वेळेवर आणलं असतं तर वाचले असते, म्हणाले."

"वाचले असते."

"कदाचित."

"कदाचित डॉक्टर म्हणाले की तू म्हणतेस?"

"मी," मी म्हटलं.

मला वाटलं ती पायरीवर बसेल. तिचा हात धरायला मी हात पुढे केला होता. ती बसली नाही. तिने फोटो दोन्ही हातांत धरून समोर घेतला आणि त्याच्यावरच ओरडली. "अहो, हाक मारायची ना! शेजारी होते मी! एवढं जगाला ओरडलात जन्मभर, तेव्हा काय झालं होतं तोंडाला?" भर रस्त्यात, अहोजाहो करत, ती माझ्या वडिलांना बोल बोल बोलली. येणारे-जाणारे बघायला लागले. एक सायकलवाला पाय टेकून थांबला. मग तिने सरांना घेतलं, डॉक्टरीणबाईंना घेतलं, मग स्वतःला. स्वतःला जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

आणि मग ती माझ्याकडे वळली.

"आणि तू! मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं? तू? मी काय लहान आहे? मी तिथे उभी राहून काय बोलणार होते ते माहीत होतं ना तुला? आणि तू मला तशीच जाऊ दिलीस, बाजूला बसून?"

"हो," मी म्हटलं.

"हो काय हो!"

ती अजून ओरडत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता. मी तो पुसला नाही, तिला गप्पही केलं नाही. समोर उभी राहून तिच्याकडे बघत राहिले.